उत्तरेला गेलेलं लाटणं

चाळीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर नोकरी केली, आणि चाळीस वर्षांत माझ्या हातून एकही वॅगन चुकीच्या दिशेला गेली नाही! गहू एक तर पश्चिमेला व्हँकुव्हरला, नाही तर पूर्वेला थंडर बेला. अख्ख्या सस्कॅचवान प्रांतात कुणालाही विचारा. लॉर्ननं गाडी सोडली म्हणजे ती जिथं जायची तिथंच जाणार. त्यामुळे आम्ही नवराबायकोनं अलास्काची सहल ठरवली आणि जहाजाची दिशा निवडायची वेळ आली, तेव्हा ते काम माझं होतं हे उघडच होतं.

हे जहाज एकतर्फी. एक तर व्हँकुव्हरला चढा आणि सात दिवसांनी वर उत्तरेला, अलास्कातल्या व्हिटियरला उतरा. नाही तर विमानानं आधी वर जा, व्हिटियरला चढा आणि खाली व्हँकुव्हरला या. समुद्र तोच, डोंगर तेच, जेवणही तेच.

"आपण वरून खाली येऊ," माझी बायको व्हर्ना म्हणाली.

"का बरं?"

"अवघड काम आधी उरकावं. पहिल्याच दिवशी नेट्टीला भेटते. मग सात दिवस मोकळी."

नेट्टी म्हणजे व्हर्नाची थोरली बहीण. व्हिटियरला राहते. नऊ वर्षांत दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या! कारण काय, तर त्यांच्या आईचं लाटणं. आईच्या दफनाला आलेले पाहुणे पेरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, खाऊन घरी गेले, आणि ज्या लाटण्यानं आईनं साठ वर्षं त्या पेरोगी लाटल्या ते स्वयंपाकघरातून गायब! नेट्टीनं सगळी कपाटं उपसली. लाटणं निघालं व्हर्नाच्या पिशवीत. नेट्टी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाली, "चोरटी!" झालं. एक उत्तरेला निघून गेली, दुसरी गव्हाच्या शेतांत राहिली आणि मधे दोन हजार मैल.

आणि आता व्हर्ना आपणहून जायचं म्हणत होती. सत्तरीला आल्यावर माणूस मऊ होतो. मला खरंच भरून आलं. मी म्हटलं ठीक आहे, वरून खाली. आणि व्हर्नाच्या नकळत नेट्टीला फोन करून तारीख आणि जहाजाचं नावसुद्धा सांगून टाकलं.

 ती म्हणाली, "बघू." आणि फोन आपटला.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग एके दिवशी मी व्हर्नाच्या बॅगेत मोजे शोधत होतो. मोज्यांच्या खाली, टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं, काय असावं?

लाटणं!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहो, नऊ वर्षं धुमसणारी बाई बहिणीला भेटायला निघते आणि सोबत दोन किलोचं शिसवी लाटणं घेते, तर नवऱ्यानं काय समजायचं? डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. पहिल्या दिवशी धक्क्यावर मारामारी, आणि मग सात दिवस मी, व्हर्ना आणि व्हर्नाचा राग, तिघं एका कोंबड्यांच्या खुराड्याएवढ्या केबिनमध्ये!

त्यापेक्षा आधी सात दिवस मजा करावी आणि भांडण शेवटी ठेवावं. मी त्याच दिवशी तिकीट बदलून आणलं. खालून वर.

"वरून येणारं जहाज भरलं," मी व्हर्नाला सांगितलं. धडधडीत खोटं! "आणि हेच चांगलंय बघ. वर जाताना जहाजावर घड्याळ एक तास मागे घेतात. एक तास फुकट! खाली येताना तोच तास काढून घेतात. शिवाय उजव्या बाजूची केबिन मिळाली, म्हणजे किनारा सारखा समोर."

"फुकटच्या तासाचं काय करणार आहेस?"

"ते बघू पुढचं पुढे."

राहिलं काय, तर नेट्टीला बदल कळवायचं. आज करू, उद्या करू. नेट्टीच्या तोंडाला लागायचं म्हणजे कडाक्याच्या थंडीत लोखंडाला जीभ लावण्यासारखं, चिकटली की सुटत नाही. शेवटी मी ते विसरलो. म्हणजे विसरायचं ठरवलं, असं म्हणा.

जहाज व्हँकुव्हरहून निघालं. पहिल्याच दिवशी व्हर्ना जेवायला गेली तेव्हा मी तिच्या बॅगेतून लाटणं काढलं आणि माझ्या गादीखाली लपवलं. हत्यार जप्त! दोन दिवस मी राजासारखा वावरलो. मग वाटेतल्या केचिकानच्या धक्क्याला लागलो, फोनला रेंज आली आणि एकामागून एक सहा निरोप टणटणले. सगळे नेट्टीचे.

पहिला असा होता: "मी पण तिकीट काढलंय. त्याच जहाजाचं. व्हर्नाला सांगू नको. तिला जेवणाच्या टेबलावर गाठते."

दुसरा: "जहाजावर चढले. तुम्ही कुठं आहात?"

आणि सहावा: "अख्खं जहाज तीनदा पालथं घातलं. लॉर्न, मूर्खा, माझी बहीण कुठाय?"

माझ्या पायाखालची वाळू सरकली. ती म्हातारी बहिणीसाठी आयुष्यात पहिल्यांदा आपणहून दोन पावलं पुढं आली होती, आणि मी तिला एकटीला दक्षिणेला पाठवून दिलं होतं. आम्ही वर चाललो होतो, ती खाली येत होती. आता नेट्टीला वाटलं असतं की व्हर्नानं मुद्दाम टाळलं. आणि व्हर्ना व्हिटियरला उतरली असती तर तिथं कोण? कुणीच नाही! तिलाही तेच वाटलं असतं. नऊ वर्षांचं भांडण मग थेट थडग्यापर्यंत.

मी वेळापत्रक बघितलं. दुसऱ्या दिवशी जूनोच्या बंदरात दोन्ही जहाजं थांबणार होती! तिचं साडेतीनला सुटणार, आमचं साडेचारला. मी नेट्टीला लिहिलं, "उद्या दुपारी बारा. धक्क्यावर काशाच्या कुत्रीचा पुतळा आहे, तिथं. व्हर्नाला घेऊन येतो. माझ्याकडून गोंधळ झाला, भेटल्यावर सांगतो."

उत्तर आलं, "एक मिनिट उशीर झाला तर मी गेले."

व्हर्नाला मी काहीच सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे तिकिटाचं खोटंही सांगावं लागणार! मनात म्हटलं, उद्या पुतळ्यापाशी दोघींना समोरासमोर उभं करायचं. लाटणं गादीखाली आहे. भीती कसली?

आता माझ्या घड्याळाबद्दल सांगतो. आम्ही सस्कॅचवानची माणसं घड्याळाला हात लावत नाही. बाकीचा सगळा देश उन्हाळ्यात घड्याळ पुढं करतो, हिवाळ्यात मागं करतो, आम्ही नाही. आमच्या गाई घड्याळ बघून दूध देत नाहीत! कोठारानं मला निवृत्तीच्या दिवशी दिलेलं हे मनगटी घड्याळ कधी एकदाही हललेलं नव्हतं. मी ते अलास्कातही हलवणार नव्हतो. सरळ हिशेब आहे. घड्याळ जे दाखवेल त्यातून दोन वजा करायचे, एक तास व्हँकुव्हरचा आणि एक जहाजावरचा.

जूनोच्या सकाळी घड्याळात बारा वाजले होते. बारा वजा दोन, दहा. अजून दोन तास! मी डेकवर कॉफी घेऊन निवांत बसलो.

व्हर्ना आली. "चल, जेवून घेऊ."

"दहाला कसलं जेवण?"

"दहा?"

"मग? किती?"

तिनं माझ्याकडे विचित्र नजरेनं बघितलं. "तुला भूक नसेल तर तसं सांग," म्हणाली आणि गेली. जेवणघरात ही गर्दी उसळलेली. मी मनात म्हटलं, क्रूझवरची माणसं, यांना दहा काय आणि बारा काय!

माझ्या हिशेबानं पावणेबाराला मी व्हर्नाला घेऊन खाली उतरलो. पाऊस भुरभुरत होता. बरोबर बाराला आम्ही कुत्रीच्या पुतळ्यापाशी. नेट्टी नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. 

"आपण इथं कशासाठी उभे आहोत?" व्हर्नानं विचारलं.

"कुत्री बघायला."

"बघून झाली."

वीस मिनिटं झाल्यावर मी शेजारी छत्र्या विकणाऱ्या बाईला विचारलं, "बारा वीसच झालेत ना हो?"

"दोन वीस," ती म्हणाली. "कुणाची वाट बघताय का? मघाशी एक म्हातारी इथं दीड तास उभी होती. लाल टोपी. शेवटी कुत्रीशीच भांडली आणि गेली."

मी मनगट डोळ्यांपाशी नेलं. दोन वीस! घड्याळ दोन वीसच दाखवत होतं आणि मी त्यातून दोन वजा करत बसलो होतो!

"माझ्या घड्याळाला कुणी हात लावला?"

"मी," व्हर्ना म्हणाली. "परवा रात्री. रोज बोटं मोजत बसतोस, बघवत नव्हतं. जहाजाच्या वेळेवर लावून दिलं."

"अगं, सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर लावू दिलं असतंस?"

नसतं दिलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार आहे, ती ओळखून आहे मला. पण आता लपवायला काही उरलंच नव्हतं. त्या पावसात, काशाच्या कुत्रीच्या साक्षीनं, मी सगळं ओकलो. नेट्टीला केलेला फोन, बदललेलं तिकीट, भरलेलं जहाज, सहा निरोप, बाराची वेळ. फक्त लाटण्याचं तेवढं राहिलं.

व्हर्ना ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

"ती माझ्यासाठी जहाजावर चढली?" एवढंच म्हणाली. "नेट्टी?"

"हो."

"आणि दीड तास उभी होती? पावसात? तिच्या गुडघ्यांनी?"

"तिच्याच," मी म्हटलं.

"कुठलं तिचं जहाज?"

मी उजवीकडच्या टोकाला बोट दाखवलं. ती निघाली. सत्तर वर्षांची बाई, पण मला गाठता येईना! जहाजाच्या जिन्यापाशी पहारेकऱ्यानं तिला अडवलं.

"बाई, तुमचं कार्ड या जहाजाचं नाही."

"माझी बहीण आत आहे."

त्यानं यंत्रात बघितलं. "नाही. त्या बाहेर गेल्यात, अजून परत आलेल्या नाहीत."

"मग मी इथंच बसते. येईलच की," असं म्हणून व्हर्ना तिथल्या बाकावर ठाण मांडून बसली. मला म्हणाली, "तू जा. शोध तिला."

मी धावलो. दुकानांत बघितलं, चर्चमध्ये बघितलं, दोन दारूच्या गुत्त्यांत डोकावलो. शेवटी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या जहाजाच्या जिन्याजवळ लाल टोपी दिसली. तिथला पहारेकरी केविलवाणा चेहरा करून उभा होता आणि नेट्टी त्याच्या समोरच्या बाकावर बसून व्हर्नाची वाट बघत होती!

"आलास?" नेट्टी म्हणाली. "दिशा कळायला लागल्या का?"

"नेट्टी, चूक माझी आहे. सगळी माझी! व्हर्नाला काहीच माहीत नव्हतं. ती तिकडे तुझ्या जहाजापाशी बसलीय. चल."

नेट्टी उठली. अर्धवट उठली आणि परत बसली.

"मी थोरली आहे. दीड तास मी उभी राहिले. आता तिनं यावं."

धक्क्याचं ते टोक ते हे टोक म्हणजे दहा मिनिटं. मी परत गेलो.

"ती म्हणते तू ये."

व्हर्नाचे डोळे भरले होते, पण मान ताठ. "चोरटी कोण म्हणालं होतं? मी का तिला? सांग तिला, इथं बसलेय."

परत आलो.

"ती म्हणते तू ये."

"सांग तिला, चोरटीला चोरटीच म्हणतात!"

हे मी सांगितलं नाही. पुढच्या फेरीत म्हटलं, "नेट्टी म्हणते, तुझी आठवण येते." व्हर्ना म्हणाली, "थापा मारू नकोस. नेट्टी असं कधी म्हणणार नाही." एका वेलीचे दोन भोपळे! गुडघे माझे, धाप माझी, पाऊस माझ्या डोक्यावर, आणि या दोघी आपापल्या बाकांवर महाराण्या!

तीन वीसला मी शेवटचे हात जोडले. "नेट्टी, दहा मिनिटांत तुझं जहाज सुटतंय. चढायचं तर व्हर्नाच्या समोरूनच जावं लागेल. मग ती तुझ्याकडे आली काय आणि तू तिच्याकडे गेलीस काय, एकच ना?"

ती क्षणभर विचारात पडली. माझी आशा वाढली.

"मग चढतच नाही," नेट्टी म्हणाली.

भोंगा वाजला. धक्क्याच्या त्या टोकाचं पांढरं धूड हळूहळू सरकायला लागलं. नेट्टी तोंड उघडं टाकून बघत राहिली. तिची बॅग, तिची औषधं, तिच्या कपाटात टांगलेला नवा निळा झगा, सगळं दक्षिणेला चाललं होतं.

"तो झगा तिच्यासाठी शिवला होता," ती हळूच म्हणाली. "व्हर्नाला निळा आवडतो."

आणि मग ती उठली. कुणी न सांगता उठली आणि लंगडत चालायला लागली. मी मागोमाग. समोरून पावसातून कोण येतंय बघतो, तर व्हर्ना! तिला वाटलं होतं, नेट्टी कुठल्या तरी दुसऱ्या दारानं चढली आणि न भेटताच गेली. भर रस्त्यात हमसून हमसून रडत येत होती.

दोघी कुत्रीच्या पुतळ्यापाशी समोरासमोर आल्या. 

"लठ्ठ झालीस," नेट्टी म्हणाली.

"तू थेट आईसारखी दिसायला लागलीस," व्हर्ना म्हणाली.

आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या! काय सांगू, त्या छत्रीवाल्या बाईनंसुद्धा डोळे पुसले. मी तर उघड उघड रडलो. जिंकलो, मनात म्हटलं. लॉर्न, तुझी वॅगन अखेर पोचली!

"थांब," व्हर्नानं नाक पुसलं आणि पिशवीत हात घातला. "तुझ्यासाठी एक आणलंय. ते तुझंच होतं. मला तेव्हाच कळलं होतं, पण…" ती पिशवी उपसायला लागली. रुमाल, गोळ्या, चष्मा. "अरे! ते तर बॅगेत होतं, आणि सकाळी बॅगेतही दिसलं नाही. लॉर्न, आईचं लाटणं कुठाय?"

दोघींनी माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते हत्यार नव्हतं. माफी होती ती! सत्तर वर्षांच्या बाईला तोंडानं मागता येत नव्हती, म्हणून टॉवेलात गुंडाळून आणलेली.

"गादीखाली," मी म्हटलं.

"काय?"

"मला वाटलं, तू तिला मारणार."

नेट्टी हसायला लागली. व्हर्ना हसली नाही. "जा," म्हणाली. "आत्ताच्या आत्ता घेऊन ये. ते हातात पडल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

चार वाजले होते. अर्धा तास हातात! मी पळालो. धक्क्याचं टोक, जिना, तपासणी, लिफ्ट. लिफ्टसमोर अख्खं जहाज रांगेत उभं होतं. मी सात मजले चढलो. गादी उचलली. लाटणं नाही! दुसरी गादी उचलली. नाही! आमची केबिन आवरणारा मुलखाचा टापटिपीचा माणूस. धावत जाऊन त्याला गाठला तर म्हणाला, "ते होय, साहेब? तुमच्या पाठीला टोचत असेल म्हणून कपाटात वर ठेवलंय, जॅकेटांच्या मागे."

लाटणं काखेत मारून सात मजले उतरलो. जिन्याच्या दारापाशी अधिकाऱ्यानं हात आडवा केला.

"साडेचार वाजले, साहेब. दार बंद."

मी घड्याळ बघितलं. साडेचार. या वेळी वजा करायला काही नव्हतं.

"माझी बायको बाहेर आहे!"

"त्यांचं नाव चार वेळा पुकारलं. त्या येत नाहीत. हातवारे करून तुम्हाला जा म्हणताहेत."

मी डेकवर धावलो. खाली पुतळ्यापाशी दोघी एका छत्रीखाली उभ्या होत्या. जहाज आणि धक्का यांच्यात पाण्याची पट्टी दिसायला लागली होती. वीस फूट. तीस फूट. गावच्या कर्लिंगच्या संघात मी तीस वर्षं बर्फावरून नेम धरून दगड सरकवलेत, हाताला नेम आहे. मी लाटणं डोक्यावर उचललं, नेम धरला…

"नाऽऽऽही!" दोघी एका सुरात किंचाळल्या.

नऊ वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. मी हात खाली घेतला.

पुढचे चार दिवस मी एकटा. हिमनदी आली ती डाव्या बाजूनं. उजव्या बाजूच्या माझ्या केबिनसमोर धुकं. जेवणाच्या टेबलावर समोरची खुर्ची रिकामी, आणि वाढपी रोज विचारायचा, "मॅडमना बरं नाही का?" फुकटात मिळालेला तो एक तासही मी वापरला. पलंगावर बसून, लाटणं मांडीवर घेऊन, नेट्टीला आधीच कळवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार केला.

व्हिटियरचा धक्का दिसला तेव्हा माझं मन फुललं. दोघी विमानानं आणि मग रेल्वेनं माझ्याआधीच येऊन पोचल्या होत्या. पहिल्या रांगेत, हातात हात घालून उभ्या! मला बघताच दोघींचे चेहरे उजळले. दोघींनी हात पुढं पसरले. चाळीस वर्षांत एकही वॅगन न चुकवलेला माणूस मी, माझाही ऊर भरून आला. मी जिन्यावरून जवळजवळ धावतच उतरलो, लाटणं एका हातात धरून दुसरा हात पसरला आणि त्यांच्या मिठीत शिरायला पुढं झालो.

नेट्टीनं लाटणं घेतलं. व्हर्नानं ते टॉवेलात गुंडाळलं. आणि दोघी बोलत बोलत घराकडे निघाल्या.

आमच्या दोन्ही बॅगा ओढत मी मागून निघालो. कुठल्या दिशेला जायचं ते मला कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.